डिस्कसला घरचे काय खाऊ घालाल?

थाळीसारखा गोल आकार, अंगावर निळ्या-तांबड्या रेघांची नक्षी आणि पोहण्यात राजेशाही संथपणा, यामुळे हौशी मंडळी डिस्कसला मत्स्यालयाचा राजा म्हणतात. राजाचा थाटही तसाच असतो. एकेका माशासाठी कधीकधी काही हजार रुपये मोजावे लागतात. असा मासा दोन महिन्यांत काळवंडून टाकीच्या कोपऱ्यात जाऊन बसला, की मुलांचा हिरमोड होतो आणि वडीलधाऱ्यांना खर्च आठवतो. पुष्कळदा या दुखण्याचे मूळ चुकीच्या खाण्यात आणि त्यामुळे बिघडलेल्या पाण्यात असते.

परदेशी कृती इथे का चालत नाही?

युरोप-अमेरिकेतील मत्स्यपालक डिस्कससाठी वर्षानुवर्षे गोमांसातील हृदयाचा खिमा वापरत आले. चरबी काढून टाकली की ते निव्वळ प्रथिनांचे स्वस्त खाद्य ठरते आणि पिल्ले झपाट्याने वाढतात. छत्तीसगडमध्ये मात्र २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे. भिलाईतील कुटुंबांना त्यामुळे दुसरी वाट शोधावीच लागते, आणि ती अधिक चांगलीही आहे. जनावरांची चरबी माशांना नीट पचत नाही, यकृतात साठत जाते. बकऱ्याचे किंवा कोंबडीचे हृदय वापरायचे असेल, तर चरबी आणि शिरा काढून, तेही अधूनमधूनच द्यावे.

डिस्कस मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथे तो बुडालेल्या फांद्यांवरचे शेवाळ, कुजका पालापाचोळा आणि बारीक जलकीटक खातो. म्हणजेच त्याच्या ताटात मांसाबरोबर हिरवा भागही हवा.

घरच्या घरी मिश्रण

साहित्य : सोललेली कोळंबी २५० ग्रॅम, काटे आणि कातडी काढलेला कमी चरबीचा मासा २५० ग्रॅम, साल काढलेले उकडलेले मटार १०० ग्रॅम, पालकाची थोडी पाने, लसणाच्या २ पाकळ्या, चायना ग्रास १० ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर.

कृती : कोळंबी आणि मासा उकळत्या पाण्यात शिजेपर्यंत ठेवा. ही पायरी गाळू नका. कच्च्या कोळंबीत आणि रोहू, कटला ज्या कुळातले, त्या कार्प कुळातील अनेक माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. शिजवल्याने तो निष्प्रभ होतो. पालकही गरम पाण्यातून काढा. सर्व जिन्नस मिक्सरमधून फिरवा. चायना ग्रास पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा आणि मिश्रणात झटपट कालवा. मीठ, तेल, मसाला अजिबात नको. माशांसाठीचे जीवनसत्त्वांचे थेंब घालायचे असतील, तर मिश्रण कोमट झाल्यावर घाला.

चायना ग्रासऐवजी जिलेटिन वापरण्याचा मोह टाळावा. डिस्कसची टाकी २८ ते ३० अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. त्या उबेत जिलेटिन सैल पडते आणि खाद्य पाण्यात विरघळून टाकी गढूळ होते. चायना ग्रास एकदा घट्ट झाला की एवढ्या उष्णतेने सुटत नाही.

मिश्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा. लागेल तेवढाच तुकडा मोडून घ्या. एकदा वितळलेले खाद्य पुन्हा गोठवू नका. घरात श्रावण पाळत असतील, तर मिक्सरचे भांडे आणि फ्रीझरमधला डबा वेगळा ठेवल्यास स्वयंपाकघरात तंटा होत नाही. मुळात शाकाहारी घरांनी चांगल्या प्रतीचे तयार दाणे द्यावेत. निव्वळ भाजी-पिठावर डिस्कस पोसला जात नाही.

दुकानात मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे मासे आवडीने खातात. पण हे किडे घाण पाण्यातच वाढतात आणि रोगजंतू घेऊन येतात. ते टाळलेलेच बरे.

उन्हाळ्याचे पथ्य

मे महिन्यात भिलाईचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यातच उरलेले खाद्य कुजू लागले, की अमोनिया वाढतो आणि माशांचा जीव गुदमरतो. वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर संकट दुप्पट होते. म्हणून कडक उन्हात खाद्य निम्म्यावर आणा. वीज नसताना काहीच देऊ नका. एक दिवसाचा उपास मोठ्या माशाला बाधत नाही.

एरवी मोठ्या माशांना दिवसातून दोन-तीनदा आणि वाढत्या पिल्लांना पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. दहा मिनिटांत संपेल एवढेच टाकावे, उरलेले नळीने ओढून काढावे.

टाकीत जोडीने अंडी घातली, तर नवजात पिल्लांसाठी वेगळा स्वयंपाक नको. आई-बाप दोघेही अंगावर पौष्टिक स्राव तयार करतात आणि पिल्ले तोच चोखून वाढतात. साधारण तीन आठवड्यांनी पालक पिल्लांना दूर करू लागतात. तोपर्यंत आर्टेमियाच्या बारीक अळ्यांची सवय लावावी आणि पिल्ले मोठी होतील तसे घरचे मिश्रण अगदी बारीक किसून द्यावे.

नव्या खाद्याकडे मासे पहिले काही दिवस ढुंकूनही पाहत नाहीत. घाबरून जुन्यावर परत जाऊ नका. जुन्यात चिमूटभर नवे मिसळत प्रमाण हळूहळू वाढवा. अंगाचा रंग उजळ, पाठ आणि कपाळ भरलेले, आणि काचेजवळ माणूस येताच मासे पुढे धावत असतील, तर ताट मानवले असे समजावे.