नोकरी आणि न्याय (भाग ७) : गुन्हा नसलेल्या शिक्षा

परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी १९६१ साली जे नियम झाले, त्यांचे नाव होते ‘वर्तणूक व शिस्त नियम’. त्यातल्या आठव्या नियमाचा दुसरा पोटनियम केवळ स्त्रियांसाठी होता. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि लग्नानंतर घरसंसारामुळे तिच्या कामात अडथळा येईल असे सरकारला वाटले, तर तिच्याकडून राजीनामा मागता येईल, असे तो सांगत होता. पुरुष अधिकाऱ्यालाही संसार असतो, हे त्या पोटनियमाच्या गावीही नव्हते.

या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले ते सी. बी. मुथम्मा यांनी. मूळच्या कोडगूच्या मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. पुढे १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. वरच्या श्रेणीत बढती देताना आपल्याला डावलले गेले आणि त्यामागे आपण स्त्री असणे हेच कारण आहे, अशी त्यांची तक्रार होती. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती देऊन टाकली आणि तो पोटनियम रद्द करण्याच्या हालचाली चालू असल्याचेही सांगितले. त्यामुळे सप्टेंबर १९७९ मध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी याचिका निकाली काढली. मात्र तसे करताना सरकारला चांगलेच सुनावले. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे काम अडत असेल तर ते पुरुषाचेही अडू शकते, हा त्यांचा साधा सवाल होता. सेवेतले सगळे नियम तपासून त्यांतला भेदभाव काढून टाकावा, असेही त्यांनी सरकारला बजावले.

गेल्या भागात आपण खातेनिहाय चौकशीच्या पायऱ्या पाहिल्या : कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीपुरावे, कामगाराचा बचाव आणि मग शिक्षेचा आदेश. गोदामातून माल पळवल्याचा आरोप असलेल्या माणसालाही या पायऱ्यांचा हक्क असतो. स्त्रियांसाठी केलेल्या जुन्या नियमांत मात्र यातली एकही पायरी नव्हती. लग्न झाले किंवा दिवस गेले की सेवा आपोआप संपायची. गैरवर्तणूकच नाही, तर आरोपपत्र कशाचे आणि बचाव कशाचा?

मुंबईतल्या एका औषध कंपनीत असाच नियम होता. मुलीचे लग्न झाले की नोकरी गेली. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद औद्योगिक न्यायाधिकरणात नेला, तिथे हार पत्करली आणि सर्वोच्च न्यायालय गाठले. कंपनीचे म्हणणे असे, की या कामात बायका गटाने काम करतात, त्यामुळे रोजची हजेरी महत्त्वाची. लग्न झालेल्या बायका जास्त खाडे करतात. न्यायालयाने १९६५ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. विवाहित, अविवाहित आणि विधवा यांच्या गैरहजेरीत फरक दिसतो तो फार तर बाळंतपणाच्या रजेपुरता, आणि रजेच्या काळासाठी थोड्या जास्तीच्या कामगार ठेवल्या की भागते, असे न्यायालयाने सांगितले. नियम गेला.

एअर इंडियाची गोष्ट इतकी सरळ नाही. कंपनीच्या नियमानुसार हवाई सुंदरीची नोकरी तीनपैकी जे आधी घडेल त्या क्षणी संपायची : वयाची ३५ वर्षे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न, किंवा पहिले गरोदरपण. पस्तिशीनंतर मुदत वाढवायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. त्याच विमानात, त्याच प्रवाशांना सेवा देणारे पुरुष पर्सर ५८ व्या वर्षी निवृत्त होत. नर्गिस मिर्झा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वादात ऑगस्ट १९८१ मध्ये न्या. फाझल अली यांनी निकाल दिला. गरोदरपणाची अट त्यांनी कठोर शब्दांत रद्द केली, संचालकाची बेलगाम मर्जीही रद्द केली. पण चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र राहू दिली. तेवढ्या काळात मुलगी परिपक्व होते, लग्न यशस्वी होण्याची शक्यता वाढते आणि कुटुंबनियोजनालाही हातभार लागतो, ही त्यामागची कारणमीमांसा! पर्सर आणि हवाई सुंदरी हे दोन वेगळे संवर्ग आहेत, म्हणून त्यांची तुलनाच होऊ शकत नाही, असेही न्यायालयाने मानले. संवर्ग वेगळे पाडले की समानतेचा प्रश्न उद्भवतच नाही, ही युक्ती त्यामुळे पुढेही वापरण्याजोगी राहिली.

लष्करी शुश्रूषा सेवेतल्या एका लेफ्टनंटला १९८८ मध्ये लग्न केले म्हणून घरी पाठवण्यात आले. नियम १९७७ चा, आणि तोही फक्त महिला शुश्रूषा अधिकाऱ्यांसाठी. १९९५ मध्ये सैन्याने तो मागे घेतला, पण तिची लढाई संपायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षे!

नियम थेट नसला तरी अर्जातून काम साधता येते. आयुर्विमा महामंडळाच्या भरतीच्या वेळी उमेदवार स्त्रीला एक घोषणापत्र भरावे लागे. त्यात मासिक पाळीच्या तारखा, आधीची बाळंतपणे, गर्भपात असे रकाने होते. १९९० मध्ये परिविक्षा काळातल्या एका स्त्रीला ती बाळंतपणाच्या रजेवर असतानाच कामावरून काढले गेले आणि नंतर कारण पुढे आले ते याच घोषणापत्रात माहिती दडवल्याचे. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी तिला परत कामावर घ्यायला आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याचे कलम १२ या रजेत स्त्रीला काढून टाकणे बेकायदा ठरवत होते. पण बाळंतपणाचे नाव न घेता वेगळाच ठपका ठेवला की कलमाला वळसा घालता येतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आता असे उघड नियम जवळजवळ दिसत नाहीत. चोरी, दांडगाई, सतत उशिरा येणे, विनापरवानगी गैरहजेरी ही गैरवर्तणुकीची यादी सगळ्यांना सारखीच लागू. पण त्या गुन्ह्याला समज द्यायची, निलंबित करायचे की बडतर्फ, हे कुणीतरी माणूस ठरवतो. कारखान्यांत अनेक दशके चालत आलेल्या आदर्श स्थायी आदेशांतच लिहिलेले आहे, की शिक्षा देताना गुन्ह्याचे गांभीर्य, कामगाराचा पूर्वेतिहास आणि इतर परिस्थिती ध्यानात घ्यावी. भेदभावाला आता जागा उरते ती या ‘इतर परिस्थिती’त.

हा भेदभाव मोजता येतो का? अमेरिकेत तो मोजला गेला आहे. तिथे गुंतवणूक सल्लागारांवरच्या तक्रारी आणि कारवाया ‘ब्रोकरचेक’ या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही पाहता येतात. मार्क ईगन, ग्रेगर मॅटव्हॉस आणि अमित सेरू या अर्थतज्ज्ञांनी २००५ ते २०१५ या काळातल्या सुमारे १२ लाख सल्लागारांच्या नोंदी तपासल्या. गैरवर्तणूक नोंदली गेल्यावर वर्षभरात नोकरी सुटलेले पुरुष ४६ टक्के, स्त्रिया ५५ टक्के. त्यानंतर वर्षाच्या आत दुसरीकडे काम मिळालेले पुरुष ४७ टक्के, स्त्रिया ३३ टक्के.

बायकांचे गुन्हे अधिक गंभीर असतील, ही शंका इथे टिकत नाही. पुरुषांच्या नावावर गैरवर्तणुकीचे प्रमाण स्त्रियांच्या तिपटीहून अधिक होते, त्यांची प्रकरणे मिटवायला २० टक्के जास्त पैसा लागत होता आणि पुन्हा तीच चूक करण्यातही ते दुपटीने पुढे होते. एकाच कंपनीत, एकाच ठिकाणी, एकाच काळात काम करणाऱ्यांची तुलना केली तरी अंतर उरत होते. शिवाय स्त्रियांविरुद्धच्या तक्रारींत ग्राहकापेक्षा कंपनीनेच पुढाकार घेण्याचे प्रमाण अधिक होते. ज्या कंपन्यांच्या व्यवस्थापनात स्त्री-पुरुष बरोबरीने होते तिथे मात्र हे अंतर दिसेनासे झाले. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या पुरुषांच्या वाट्यालाही अशीच कडक शिक्षा आलेली आढळली, आणि तिथेही वर बसलेल्यांत त्यांच्यापैकी कुणी असले की ती सौम्य होत होती.

हेदर सार्सन्स यांनी शल्यविशारदांचा असाच अभ्यास केला. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला, की रुग्ण पाठवणारे डॉक्टर स्त्री शल्यविशारदाकडे रुग्ण पाठवणे बरेच कमी करतात; पुरुषाच्या बाबतीत तितकी घट होत नाही. यात कुठे आरोपपत्र नाही, आदेश नाही. आणि एका स्त्रीच्या हातून रुग्ण दगावल्याचे सावट त्याच शाखेतल्या इतर स्त्रियांवरही पडते. पुरुष सहकाऱ्यांना असा वाटा उचलावा लागत नाही.

भारतात शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना आता नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण स्त्री आणि पुरुष असे वेगवेगळे जाहीर करावे लागते. पण त्यातून कोण स्वतःहून गेले आणि कोणाला घालवले, हे कळत नाही. खातेनिहाय चौकशीत किती स्त्रिया समज मिळून सुटल्या, तशाच आरोपाखाली किती बडतर्फ झाल्या आणि पुरुषांचे काय झाले, याची उत्तरे कंपन्यांच्या आस्थापना विभागातल्या कपाटांत आहेत. शिक्षा फार जास्त झाली असे वाटणाऱ्या कामगाराला न्यायालयात ‘माझ्यासारख्याच चुकीला दुसऱ्याला कमी शिक्षा दिली’ असे म्हणता येते. मात्र तो दुसरा कोण आणि त्याचा आदेश काय होता, हे कागद त्याला स्वतःलाच मिळवावे लागतात.

हे कागद कसे मागायचे, सरकारी खात्यात माहिती अधिकाराचा उपयोग कुठवर होतो आणि खासगी कंपनीत चौकशी चालू असतानाच कोणती कागदपत्रे मागून घ्यावीत, ते पुढच्या भागात पाहू.