पूर्णविरामाचें अक्षर कसें होतें?

प्राण्यांच्या शरीरांत प्रथिनें तयार होतात तीं एका लिखित आज्ञेप्रमाणें. संदेशवाहक आर. एन. ए. या रेणूंत ही आज्ञा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनीं लिहिलेली असते. रायबोसोम हा पेशींतील कारागीर एकेक शब्द वाचतो आणि त्याबरोबर एकेक अमायनो आम्ल साखळींत ओवतो. तीन शब्द मात्र पूर्णविरामाचे असतात. 'यू-जी-ए' हा त्यांपैकीं एक. तो आला कीं काम थांबावयाचें, असा नियम आहे.

या नियमाला अपवाद आहे, हें १९८६ सालीं उंदराच्या एका जनुकावरून उघड झालें. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हें एन्झाइम पेशींतील घातक पेरॉक्साइडांचा नाश करतें. त्याच्या आज्ञेच्या पोटांतच हा पूर्णविराम आढळला. परंतु साखळी तेथें तुटत नव्हती, तेथें सेलेनोसिस्टीन बसत होतें. सिस्टीन या आम्लांतील गंधकाच्या जागीं सेलेनियमचा अणु आला म्हणजे सेलेनोसिस्टीन होतें.

मग थांबावयाचें कोठें आणि ओवावयाचें कोठें, हें रायबोसोमला कसें कळतें? त्याची खूण दूर असते. प्रथिनाची आज्ञा संपल्यावर संदेशाचा जो भाग उरतो, त्यांत आर. एन. ए.चा धागा स्वतःवरच वळून केसांतील आंकड्यासारखी घडी पाडतो. या घडीस 'सेसिस' म्हणतात. एक प्रथिन ही घडी धरून ठेवतें. दुसरें प्रथिन सेलेनोसिस्टीन वाहणारा छोटा आर. एन. ए. रायबोसोमपर्यंत पोंचवतें. घडी नसेल तर तोच शब्द पुन्हां पूर्णविराम ठरतो.

या आम्लाची घडणही निराळी आहे. इतर आम्लें तयार स्थितींत वाहकावर चढतात. हें मात्र वाहकावरच घडतें. प्रथम सेरीन चढतें, त्याला फॉस्फेट जोडलें जातें, आणि शेवटीं फॉस्फेट जाऊन तेथें सेलेनियम येतें.

उंदरांत अशीं प्रथिनें अवघीं २४ आहेत. इतक्या थोड्यांसाठीं एवढा खटाटोप कशाला? १९९७ सालीं या वाहकाचें जनुक उंदरांतून काढून टाकण्यांत आलें, तेव्हां गर्भ आरंभींच्या अवस्थेंतच मरण पावले. २०१८ सालचा प्रयोग अधिक सूक्ष्म होता. पेशींच्या पटलांचें रक्षण करणाऱ्या एकाच प्रथिनांत, जी. पी. एक्स. ४ मध्यें, सेलेनियमच्या जागीं गंधक ठेवण्यांत आलें. पिलें जन्मलीं, परंतु मेंदूंतील एका विशिष्ट प्रकारच्या चेतापेशी टिकल्या नाहींत, आणि आंचके येऊन पिलें दगावलीं. गंधकाचें एन्झाइम पेरॉक्साइडांच्या माऱ्यानें स्वतःच निकामी होतें. सेलेनियमचें टिकून राहतें.

मनुष्याच्या शरीरांतही हीच योजना असून तेथें अशीं प्रथिनें २५ आहेत. एका शब्दाचे दोन अर्थ करण्याची ही गुंतागुंत निसर्गानें का सांभाळली, याचें उत्तर त्या पिलांच्या मेंदूंत सांपडतें.