अवघड जागेचं दुखणं कोणत्या भाषेत सांगायचं?

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. शरीराच्या काही भागांविषयी डॉक्टरांशीही मोकळेपणानं बोलवत नाही. त्यात दवाखान्याची भाषाच परकी असेल तर? अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषक रुग्णांपुढे नेमकी हीच अडचण असते.

गुदद्वाराचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. एचआयव्हीबाधितांना त्याचा धोका अधिक. प्रत्यक्ष कर्करोगापूर्वी तिथल्या पेशींमध्ये बदल होतात. ते वेळीच नष्ट केले तर कर्करोग टळेल का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ‘अँकर’ ही मोठी चाचणी घेण्यात आली. पस्तीस व त्यापुढील वयाचे ४,४०० हून अधिक एचआयव्हीबाधित तिच्यात सहभागी झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार घेतलेल्या गटात ९, तर केवळ देखरेखीखालील गटात २१ जणांना कर्करोग झाला. धोका ५७ टक्क्यांनी घटला.

मात्र, पेशींतल्या या बदलांचा अनेकदा काहीच त्रास जाणवत नाही. उलट उपचारांनंतर वेदना, रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय कर्करोगाची धास्ती असतेच. ती दुर्बिणीतून दिसत नाही. रुग्णालाच विचारावी लागते. त्यासाठी शारीरिक त्रास, दैनंदिन व्यवहार आणि मनःस्थिती यांवर पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. ती स्पॅनिशमध्येही आणली गेली.

पण शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. ‘कोराहे’ हा स्पॅनिश शब्द स्पेनमध्ये धैर्यासाठी, तर मेक्सिकोत रागासाठी वापरतात. म्हणून अशा प्रश्नावलीचं भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून ताडून पाहतात. मग रुग्णांनाच विचारतात, “या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?” उत्तर चुकलं, तर दोष प्रश्नाचा; रुग्णाचा नव्हे.

यातून आपणही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शौचावाटे रक्त जाणं, तिथं गाठ लागणं किंवा सतत दुखणं म्हणजे मूळव्याधच, असं समजून घरगुती औषधांवर दिवस काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि होणारा त्रास आपल्या साध्या, रोजच्या भाषेत सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.