घागर रिकामी की विहीर आटली?

मोटार सकाळी चालू झाली नाही की ‘बॅटरी गेली, नवी घ्या’ असा निर्णय आपण तत्काळ देतो. तो पुष्कळदा चुकतो. बॅटरी ही केवळ घागर होय. ती भरणारी विहीर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर. तेव्हा घागर गळकी की विहीर आटली, हे आधी पाहावयास हवे.

मालवणच्या किनाऱ्यावर खारा वारा धातूस लवकर खातो. म्हणून प्रथम बॅटरीची टोके पाहावी. त्यांवर पांढरट-हिरवा थर असल्यास इंजिन बंद ठेवून ऋण बाजूची तार आधी सोडावी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टोके धुवावी व पुसून तारा घट्ट आवळाव्या.

मग मापकाने व्होल्ट मोजावे. रात्रभर उभ्या मोटारीत १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू होताच आकडा साधारणतः १४ पर्यंत चढावा. न चढल्यास पट्टा सैल आहे वा अल्टरनेटर निकामी. तेथे नवी बॅटरीही व्यर्थ. आकडा चढूनही दुसऱ्या सकाळी तीच रड असेल, तर बॅटरी जीर्ण आहे किंवा बंद मोटारीतही कोठे वीज झिरपते. मात्र परीक्षेसाठी चालत्या इंजिनावर बॅटरीची तार कदापि सोडू नये. अल्टरनेटर जळण्याचे भय असते.

भर पावसात, रात्री, रुग्णास कोल्हापुरास नेताना फोंडाघाटात दिवे मंदावले, तर तेथे शोध घेण्यास सवड नसते. ही पाच मिनिटांची परीक्षा घरच्या अंगणातच उरकावी.