कॉलरवरची काळी खूण

1943 साल. दुसऱ्या महायुद्धात भारतात येऊन दाखल झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर एक चमत्कारिक पुरळ उठू लागलं. मानेच्या मागे, कॉलर टेकते बरोबर तिथे, लालभडक चट्टा, बारीक पाणीदार फोड आणि जीव नकोसा करणारी खाज. कुणाला तोच चट्टा कमरेवर, पँटच्या पट्टीखाली. बाकी अंग स्वच्छ! चट्ट्यासमोरच्या कापडावर सापडली काळ्या शाईची बारीक खूण, कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून धोब्यानं केलेली. लष्करी डॉक्टरांचा लेख त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. गुन्हेगार होता बिब्बा.

आपल्याला बिब्ब्याची ओळख करून द्यायला नको. शनिवारी दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीबरोबर ओवलेलं ते काळं, चपटं फळ. त्याच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात आणि त्यांत दाट, झोंबरं तेल भरलेलं असतं. हवा लागली की ते काळं पडतं. चुन्याची जोड दिली की कापडावरचा डाग कितीही आपटा, निघत नाही. आणि याच टरफलाच्या पोटातली पांढरी गोडंबी थंडीत आपण लाडवात घालून मिटक्या मारत खातो.

या तेलातला रेणू म्हणजे सहा कार्बनची एक कडी, तिला चिकटलेले दोन ऑक्सिजन आणि मागे पंधराएक कार्बनची लांब शेपटी. शेपटी तेलकट, म्हणून तो कातडीत अलगद शिरतो. आत त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि तो कातडीच्याच प्रथिनाला पक्का चिकटतो. एवढ्याशा रेणूकडे एरवी प्रतिकारयंत्रणेनं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण तो चिकटल्यावर आपलंच प्रथिन तिला परकं दिसू लागतं. कातडीत फांद्या पसरून बसलेल्या काही पेशी असतात. 1868 मध्ये पॉल लांगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं त्या बर्लिनमध्ये पहिल्यांदा पाहिल्या आणि मज्जातंतूंचाच भाग समजला. या पेशी ते बिघडलेलं प्रथिन उचलून जवळच्या लसिका गाठीत नेतात. तिथे टी-पेशींची एक तुकडी त्या एकाच रेणूची ओळख पाठ करते. पहिल्या खेपेला यात दहा-पंधरा दिवस जातात आणि बहुतेकदा वर काही दिसतही नाही. पुढच्या खेपेला मात्र ही तयार तुकडी एक-दोन दिवसांत जागेवर पोचते आणि बिब्बा उततो.

कारण शोधणारा फसतो तो इथेच. गांधीलमाशीनं डंख मारला तर ओरडायच्या आधी कारण कळतं. इथे सोमवारी लागलेल्या रसाचा चट्टा बुधवारी उठतो, आणि घरात दोष जातो बुधवारच्या वांग्याच्या भाजीला.

त्या सैनिकांचं आणखी एक दुर्दैव होतं. अमेरिकेच्या रानात पॉयझन आयव्ही नावाची वेल सर्रास आढळते आणि तिच्या रसातला रेणू बिब्ब्यातल्या रेणूचा सख्खा भाऊ. बऱ्याच जणांच्या टी-पेशी गावाकडूनच शिकून आल्या असणार. बिब्बा, आयव्ही, जपानी लाखकामाचं झाड, काजू आणि आपला आंबा, सगळे एकाच कुळातले. जपानी लाखेतल्या रेणूची रचना रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक यांतही त्याच गोतावळ्यातले रेणू सापडतात. म्हणून आंबा चोखून ज्याच्या ओठांभोवती पुरळ उठतं, त्याला सोलून दिलेली फोड अनेकदा बाधत नाही. भांडण सालीशी आणि देठाच्या चिकाशी असतं.

वेळ अशी चकवते, पण जागा सहसा खरं बोलते. बेंबीखाली चट्टा असेल तर जीन्सच्या बटणातलं निकेल, कपाळाच्या मधोमध असेल तर टिकलीचा गोंद. मला सगळ्यांत थक्क करतं ते गाजर गवत. 1950च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर माजलं. त्याचे सुकलेले कण हवेतून येतात आणि उघड्या अंगावर बसतात. चेहरा असा सुजतो की ऊन बाधलं असंच वाटावं. पण उन्हाला सावली असते! पापण्यांवर, हनुवटीखाली, कानामागे ते फारसं पोचत नाही. हवेतल्या कणांना तिथेही मज्जाव नसतो, म्हणून त्या जागा पाहून डॉक्टर दोन्हींतला फरक ओळखतात.

प्रत्येक खाज अशी रेणूंची नसते, हेही खरं. रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते आणि घरातले सगळेच खाजवतायत, तर आधी खरूज आठवावी. आणि निदानात बिब्बा घालायचाच असेल, तर मेडिकलमधून मनानं आणलेल्या ट्यूबसारखं साधन नाही. तिच्यातलं स्टेरॉइड लाली दाबतं, आणि दुखणं नायट्याचं असेल तर तो पसरत राहतो, वर त्याची ओळखीची गोल कडही पुसट होते.

संशयित खूप असतील तर पॅच टेस्ट करतात. ही पद्धत 1895 मध्ये योझेफ याडासोन यांनी मांडली, आणि युक्ती अजून तीच आहे: आजार मुद्दाम, पण चिमूटभर, पाठीवर घडवून आणायचा. निकेल, सुवासिक द्रव्यं, रबरातली रसायनं, गाजर गवताचा अर्क अशा संशयितांचे इवले ठिपके 48 तास चिकटवून ठेवतात. पट्ट्या काढून एकदा पाहतात आणि दोनेक दिवसांनी पुन्हा, कारण काही टी-पेशी रमतगमत येतात. पाठीला त्याच सुमारास स्टेरॉइड मलम चोळलेलं असेल, तर दोषी ठिपकाही कोराच दिसू शकतो.