पंखा नसलेला वीजपुरवठा आणि संगणकाची उष्णता
अभ्यासाच्या खोलीत शांतता राहावी म्हणून लहान संगणकाला पंखा नसलेला पॉवर सप्लाय बसवला जातो. परंतु नेहमीच्या पॉवर सप्लायचा पंखा बहुधा कॅबिनेटमधील गरम हवाही बाहेर टाकत असतो, हे विसरता येत नाही. ८५ टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय ६० वॅट पुरवताना सुमारे ७१ वॅट घेतो. उरलेल्या ११ वॅटची उष्णता त्याच्यातच निर्माण होते. ते ६० वॅटही शेवटी उष्णताच होतात. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून कॅबिनेटच्या खालच्या व वरच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात आणि १२० मिलिमीटरचा एकच पंखा मंद गतीने फिरवावा. मोठा पंखा कमी फेऱ्यांत पुरेशी हवा हलवतो. थोडक्यात, पंखा काढता येतो. हवेची वाट बंद करता येत नाही.