सड्यावरची पायवाट

सातबाराच्या उताऱ्यात ज्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’ असा शेरा पडतो, तिच्याकडे शेतकरी, सावकार आणि अर्थशास्त्रज्ञ हे तिघेही सारख्याच उदासीनतेने पाहतात. मलकापूरच्या आसमंतातील जांभ्या दगडाचे सडे हे अशा जमिनीचे ठळक उदाहरण होय. वैशाखात त्यांवर उभे राहिले, तर आपण सह्याद्रीच्या कुशीत आहोत यावर विश्वास बसत नाही. झाड नाही, सावली नाही, पायाखालचा कातळ तापलेला, वाळवंटच ते!

परंतु हाच सडा भाद्रपदात पाहावा. पन्हाळ्याच्या पश्चिमेस मसाईच्या पठारावर मैल-दीड मैल पायी हिंडले तरी पुरे. वीतभरही खोल नसलेल्या मातीत गेंद, सोनकी आणि तेरडा फुललेला असतो. ओलसर जागी ‘सीतेची आसवे’ निळाई पसरतात. या मातीत नत्राचा तुटवडा असल्याने ही इवलीशी वनस्पती सूक्ष्म जीव आपल्या पिशव्यांत पकडून आपली गरज भागवते. टंचाईशी जुळवून घेण्याचे इतके चोख उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल.

सड्याचे देणे फुलांवरच संपत नाही. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून हळूहळू बाहेर पडते. या पाण्याला बाजारात भाव नाही; त्याच जांभ्यातील बॉक्साइटला मात्र टनावारी भाव आहे. शाहूवाडी तालुक्यातील काही सड्यांवर खाणी का निघाल्या, याचे उत्तर या विषमतेत आहे.

दुसरे संकट हौशी माणसांचे. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे ज्या वाटेने निसटले, ती या पठारावरून जाते. आज त्या वाटेने दर पावसाळ्यात हजारो पावले पडतात. त्यामागील श्रद्धेविषयी आदरच आहे. पण जे थेट फुलांवर मोटारी घालतात, त्यांचे समर्थन कसे करावे? अमेरिकेत यूटा राज्यातील आर्चेस राष्ट्रीय उद्यानाच्या वाळवंटात जमिनीवर सूक्ष्म जीवांचे कवच असते. एका पावलाने मोडलेले हे कवच सांधायला अनेक वर्षे लागतात. म्हणून तेथे आखलेली पायवाट न सोडण्याची ताकीद असते. आमच्या सड्याची मातीही तितकीच पातळ आहे.

मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि अधिसूचनेने पायवाट आखली जात नाही. वाहने पायथ्याशी थांबवून एक छोटी निसर्गवाट आखावी, वाटाडे म्हणून भोवतालच्या वाड्यांतील तरुण नेमावेत आणि शुल्काचा पैसा त्यांच्याच गावांत राहावा. 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावर स्थानिक समितीमार्फत शुल्क घेण्याची पद्धत रुळली आहे. मात्र कुंपण आणि चराईबंदी यांवरून तेथे जो वाद झाला, त्यापासूनही धडा घ्यावा. पिढ्यान्‌पिढ्या येथे गुरे चारणाऱ्याला हाकलून शहरवासीयाला आत घेणे हे संवर्धन नव्हे.

सड्यावर गावाचा हक्क आणि गावाची मिळकत राहिली, तर गावच त्याचा राखणदार होईल. नाही तर एके दिवशी खाणीचा करार पुढे येईल, आणि ‘पोटखराबाच तो, गेला तर काय बिघडले?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला तेव्हा कोणी उरलेले नसेल.